माडीवरची ठेव

महाड
१६ जुलै

प्रिय निशू,

पाचगणीच्या बोर्डिंगात तुझी खाट माझ्या खाटेशेजारी होती. तू तिसरीत होतीस, मी सातवीत. दिवे मालवले की तुला झोप यायची नाही. घरची आठवण येते असं तू कधी म्हणाली नाहीस, उशी टोचते म्हणायचीस. मग मी माझ्या परकराची नाडी काढली, एक टोक तुझ्या मनगटाला बांधलं आणि दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याला. भीती वाटली तर ओढ, असं सांगितलं. तू रोज ओढायचीस. मी झोपेतच पाय हलवायची, म्हणजे ‘आहे गं’, आणि पुन्हा झोपून जायची.

एकदा सिस्टर बर्नाडीन फेरीवर आल्या आणि त्या नाडीत अडखळल्या. हातातली माळ उडून कपाटाखाली गेली. आता सकाळपर्यंत उभं करणार म्हणून आपण दोघी डोळे घट्ट मिटून पडलो. त्यांनी वाकून माळ शोधली, मग दोन्ही खाटा ढकलून एकमेकींना चिकटवल्या आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “दोरी नको. हात धरा.”

आज हे आठवायचं कारण म्हणजे मला झोप येत नाही. एस.टी.च्या दांड्याला धरून उभ्या उभ्या झोपणारी मी, म्हणून तू हसशील.

सुशांतने तुला कळवलं की नाही, माहीत नाही. मी त्याला नको म्हटलं होतं आणि तो हल्ली माझं नको तेवढं ऐकतो. जूनच्या सुरुवातीला मी माडीच्या जिन्यावरून पडले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं, आत सळई घातली आहे. पडले तेव्हा हातात मुरारीची पेटी होती. भजनी मंडळाची पेटी, माडीवर ठेवायची होती. पेटीला काही झालं नाही.

आपल्या गल्लीचं तुला माहीतच आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी ज्यांना माडी नाही ते आपापल्या जपायच्या वस्तू माडीवाल्यांकडे नेऊन ठेवतात, आणि दसरा झाला की घेऊन जातात. कागद नाही, पावती नाही. ठेवणाऱ्याने गाठ मारायची, सांभाळणाऱ्याने ती सोडायची नाही, आणि परत देताना ज्याची त्याच्या हातात द्यायची. आमची माडी एकवीसच्या पुरात कोरडी राहिली, तेव्हापासून सगळ्यांचा ओढा आणखीच इकडे.

आणि आता मीही इथेच आहे. पनवेलहून आणलं त्या दिवशी सुशांत म्हणाला, पावसात आईला खाली ठेवणार नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी मला वर चढवलं. पुढे टेम्पोवाला रमजान होता. वळणावर तो म्हणाला, “जरा तिरकी घ्या, पाय भिंतीला लागेल.” मी पडायच्या आठ दिवस आधी त्याच्या बायकोचं, रहिमाचं शिलाई मशीन वर नेताना तो हेच म्हणाला होता, मी खालून ऐकलं होतं.

दुखण्याच्या गोळ्या मी सोडल्या आहेत, तेव्हा ती काळजी करू नकोस. झोपही येईल हळूहळू.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आणि उचललास तरी फोनवर आपण भांडतो. कागदावर भांडायला वेळ लागतो.

तुझी,
दर्शाताई

*

२३ जुलै

प्रिय निशू,

काल पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. गांधारी नदीचं पाणी मच्छीमार्केटच्या पुढे आलं होतं. सगळी गल्ली जागी, कुणी फ्रीज उचलतंय, कुणी गाद्या. दोन तासांत पाच घरांचं सामान माझ्या खोलीत आलं. जो तो वर येऊन मला म्हणतो, ताई, तुम्ही बऱ्या वर आहात. राहीबाईंनी त्यांचा तांब्याचा बंब माझ्या उशाशी ठेवला आणि माझ्या गालावरून हात फिरवला, तोच हात मग बंबावरून फिरवला. पाणी चढलं नाही, संध्याकाळी उतरलं. सामान मात्र राहिलं. आता भिंतीकडे कूस वळवली की बंबात माझंच तोंड दिसतं, पसरट.

मागच्या खिडकीतून नदी दिसते, पुढच्यातून छत्र्या. महिना झाला, मी माणसांचे नुसते माथे बघते आहे.

रात्रीचं फार लिहीत नाही. पाय स्वस्थ राहत नाहीत, एवढंच. आतून कुणी चालवत असल्यासारखे हलतात. ऑपरेशनचा पाय दुखतो म्हणावं तर दुसराही तसाच. घाम येतो, मग काटा येतो. जांभया येतात, लागोपाठ, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि झोप मात्र नाही. जांभई देऊन जागी राहणारी बाई तू पाहिली आहेस का?

सोबतीला तुडीलच्या गीताबाई असतात. खाली जमिनीवर अंथरूण टाकतात आणि डोकं टेकायच्या आत घोरायला लागतात. पहिल्या रात्री मी हाक मारली तर उठून बसल्या आणि म्हणाल्या, “ओ ताय, निजा गो. निजायला काय शिकायला लागतंय?” आणि पुन्हा आडव्या. मला त्यांचा इतका हेवा वाटतो की सकाळी मी त्यांच्याशी उगाच तुटक बोलते. त्या म्हणतात, मास्तरणीची सवय हाय. मी कोर्टात स्टेनो होते, मास्तरीण माझी बहीण, असं सांगून झालं. त्यांना पटत नाही.

व्यायाम करून घ्यायला नाझिया येते. खोलीभर वॉकर घेऊन फिरवते. जिना कधी, असं मी रोज विचारते. तिचं उत्तर ठरलेलं आहे. गोळीने चक्कर येते, गोळी पूर्ण सुटल्याशिवाय जिना नाही. पडलात तर दुसरा खुबा जाईल.

मी मागे लिहिलं होतं की गोळ्या सोडल्या. अर्धी घेते. रात्रीची.

आणि एक. सुशांत माझ्यासाठी माडीवरच संडास-बाथरूम बांधतो आहे. गवंडी येऊन माप घेऊन गेला. मागच्या कोपऱ्यात, जिथे आपल्या बाबांची घाटरस्त्याच्या कामावरची जुनी मोजपट्टी टांगली आहे तिथे. पाऊस थोडा उघडला की काम सुरू. म्हणजे मग तुला उतरावं लागणारच नाही, आई, असं तो फार प्रेमाने म्हणाला. एकवीसच्या पुरात तो बिरवाडीला कारखान्यात अडकला होता आणि दोन दिवस माझा फोन लागत नव्हता. ते दोन दिवस त्याच्या तोंडावर अजून आहेत. सून नोकरीमुळे पुण्याला, तो शिफ्टला. मी वर असले की त्याला झोप लागते.

मला कळतं, निशू. पण एकदा ते बाथरूम झालं की मला खाली उतरवायचं कुणाला कारण उरणार नाही. मलासुद्धा.

दर्शाताई

*

३१ जुलै

प्रिय निशू,

आज जे लिहिते आहे ते सुशांतला सांगायचं नाही. तुला सांगते, कारण तू माझ्याशी बोलत नाहीस.

डॉक्टरांनी गोळ्या कमी करायचं वेळापत्रक दिलं होतं आणि सुशांत त्याप्रमाणे मोजून देत होता. अर्धी, मग एक दिवसाआड अर्धी. घरातल्या सगळ्यांच्या मते माझ्या गोळ्या मागच्या आठवड्यात संपल्या. तशा त्या संपल्या नव्हत्या. पनवेलच्या हॉस्पिटलातून निघताना नर्सने जास्तीच्या दोन पट्ट्या दिल्या होत्या. त्या मी रुमालात गाठ मारून ठेवल्या होत्या, रहिमाच्या मशीनच्या खणात. दुसऱ्याच्या ठेवीत कुणी हात घालत नाही, हे या गल्लीत मला जितकं माहीत आहे तितकं कुणाला नसेल.

दुखण्यासाठी घेत नव्हते गं. दुखणं आता सोसण्यासारखं आहे. गोळी घेतली की तासाभराने पाय शांत होतात, आणि कुणीतरी खाट ढकलून शेजारी आणल्यासारखं वाटतं. तेवढ्यासाठी. आणि सकाळी नाझियाने उभं केलं की डोकं गरगरतं. ती म्हणते, अजून कशी चक्कर येते? मी म्हणते, वय.

काल दुपारी रहिमा आली. तिच्या भाचीचं लग्न आयत्या वेळी ठरलं, मुलगा कुवेतहून आला आहे आणि लगेच परत जायचा आहे. कपडे शिवायचे म्हणून मशीन हवं होतं. दसऱ्याच्या आधी ठेव मागते म्हणून दहादा माफी मागत होती. रमजान आणि सुशांत दोघांनी मशीन उचललं. मी वॉकर धरून उभी होते. थांबा म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण काय सांगणार? सुशांत समोर होता.

जिन्याच्या तोंडाशी रमजान म्हणाला, जरा तिरकं घ्या. आणि मशीन वळणावरून उतरलं, लोखंडी पाय वाजवत, अगदी सहज. मी वरून बघत राहिले. मला त्या मशीनचा राग आला. मोडकं, गंजकं, पण गेलं की उतरून.

काल रात्री घ्यायला काहीच नव्हतं. त्याबद्दल लिहीत नाही. फक्त एवढं, की पहाटे विहारातून वंदनेचा आवाज आला तेव्हा मी रडत होते आणि गीताबाई उठून बसल्या होत्या. त्यांनी माझे पाय मांडीवर घेतले आणि रगडत बसल्या, बसल्या बसल्या पुन्हा घोरायला लागल्या, पण हात चालू होते.

दर्शाताई

*

३ ऑगस्ट

प्रिय निशू,

रहिमा आज वर आली. गीताबाई खाली चहाला गेल्यावर तिने पदराआडून रुमाल काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“ताई, तुमची ठेव. आमच्या मशीनमध्ये राहिली.”

गाठ माझीच होती, दुहेरी, जशी मारली तशी. मी विचारलं, बघितलंस का? ती म्हणाली, “दुसऱ्याची गाठ मी कशी सोडेन? तुम्ही सोडली का कधी आमची?”

हाताला कळत होतंच तिला, गोळ्यांच्या पट्ट्या रुमालातूनही वाजतात. तरी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. भाचीच्या लग्नाचं बोलत राहिली, मुलाकडच्यांनी ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत मागितल्या आहेत, मुलगी ऐकत नाही, वगैरे. रुमाल माझ्या मांडीवर. चार दिवस मी त्याच रुमालासाठी तळमळत होते. गाठीवर नखसुद्धा गेलं माझं.

मग मी तो तिच्या हातात परत दिला. म्हटलं, रहिमा, इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे ठेवलंत. आता ही माझी ठेव तुझ्याकडे राहू दे.

ती म्हणाली, “माझं घर तर खाली हाय, ताई. पाणी आलं तर?”

“आलं तर जाऊ दे.”

ती हसली. मग मी सगळं सांगितलं, कुणासमोर तरी मोठ्याने. तिने सुशांतला सांगायची अट घातली. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, “मग ठेवत नाय. घ्या तुमचं.” अशी ती. शेवटी संध्याकाळी सुशांतला सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं, पण तो एवढंच म्हणाला, मला वाटत होतं तू वर सुखात आहेस.

डॉक्टरांना फोन केला. ते रागावले, लपवून घेतल्याबद्दल आणि नंतर एकदम बंद केल्याबद्दलही. एकदम तोडायची नसते म्हणाले. आता पुन्हा थोडी थोडी, हळू उतरत जायचं आहे. रोज संध्याकाळी रहिमा वर येणार आणि त्या दिवसाचा तुकडा माझ्या हातावर ठेवणार. बाकी तिच्याकडे. झोपेला वेळ लागेल, ती हट्टाने येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले. हे गीताबाई मला आधीच म्हणाल्या होत्या, फक्त फार जोरात.

दर्शाताई

*

१५ ऑगस्ट

प्रिय निशू,

तू सुशांतला फोन केलास.

तो वर आला तेव्हा चेहरा असा होता की मला वाटलं कुणी गेलं. म्हणाला, निशामावशीचा फोन होता. मी विचारलं, माझी पत्रं मिळाली का, रागावली आहे का, काही म्हणाली का? तर म्हणे, तिने एवढंच विचारलं, जिन्याला कठडा आहे का. नाही म्हटल्यावर तू म्हणालीस, “उजव्या हाताला हवा. उतरताना उजवा.” आणि फोन ठेवलास.

आमच्या या जिन्याला कठडा कधीच नव्हता. सामान अडतं म्हणून सासऱ्यांनी लावूच दिला नाही. माणसांनी भिंतीला धरून चढावं, वस्तू मात्र मोकळ्या जाव्यात. मी इतकी वर्षं त्या जिन्यावरून वर-खाली केलं, पडलेसुद्धा त्याच जिन्यावरून, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुझ्या आलं, पोलादपुरात बसून.

 तिसऱ्या दिवशी गवंडी आला, विटा कुठे टाकू म्हणून. सुशांतने त्याला परत पाठवलं आणि सुताराला बोलावलं. मला म्हणाला, “आई, भोंगा झाला तर तू परत वर येशील ना?” मी म्हटलं, कठडा धरून येईन. तेव्हा तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसला, राहीबाईंच्या बंबाला टेकून, आणि लहानपणी बसायचा तसा बसून राहिला.

आता तुझं-माझं. एकवीसला पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल तुडवत तू आलीस. तुमच्याकडे दरडी कोसळल्या होत्या, रस्ता बंद, तरी कुठे चालत, कुठे कुणाच्या मोटरसायकलवर बसून आलीस. डब्यात भात आणि सुकटीची चटणी. म्हणालीस, चल आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, वर सगळ्या गल्लीच्या वस्तू आहेत, लोक येतील मागायला, मी कुलूप लावून कशी जाऊ? तू म्हणालीस, “तू ट्रंका सांभाळ. माणसं मी सांभाळते.” आणि गेलीस ती गेलीसच.

तेव्हा मला वाटलं होतं की तू अन्याय केलास. अजूनही थोडं वाटतं. त्या वस्तूंखेरीज काही घरांत काहीच उरलं नव्हतं, निशू. मुरारीने पेटी नेली तेव्हा तो उंबऱ्यात बसून वाजवायला लागला होता. पण तू माझ्यासाठी आली होतीस, आणि मी तुला पेटीबद्दल सांगत राहिले, हेही खरं.

गोळीचा तुकडा आता नखाएवढा आहे. झोप तुकड्यांनी येते. काल दुपारी लागली होती. स्वप्नात पाय कुणीतरी ओढत होतं. मी हलवला.

दर्शाताई

*

२८ ऑगस्ट

प्रिय निशू,

मी खाली उतरले.

परवा सकाळी. नाझिया पुढे, सुशांत मागे, कठडा उजव्या हाताला. गोळी पूर्ण थांबून आठवडा झाला होता आणि चक्कर आली नाही. वळणावर मी थांबले तेव्हा खालून रमजान म्हणाला, जरा तिरक्या व्हा, ताई. सगळे हसले. मी तिरकी झाले नाही, सरळ उतरले. खाली भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे, ती माझ्या डोक्याच्याही वर आहे हे मी विसरले होते. तिच्याखाली खुर्ची टाकून बसले. स्वयंपाकघरात गेले, गीताबाईंना मिरच्या निवडून दिल्या. त्या म्हणाल्या, “आता बघा कशी निजता.”

झोपले. सगळी रात्र नाही, पण बरीच.

तू रविवारी मला न्यायला रिक्षा घेऊन येते आहेस असं सुशांत म्हणाला. तू मला काही म्हणाली नाहीस, तरी मी तयार आहे. माझी खाट कुठे टाकायची, असंही तू त्याला विचारलंस म्हणे. खिडकी नको, भिंत नको. तुझ्या खाटेला लावून टाक. नाडी आणत नाही.

जायच्या आधी इथली व्यवस्था. हे सुशांतला वाचून दाखव, तो तुझं ऐकतो.

मुरारीची पेटी दसऱ्याला त्याच्याच हातात द्यायची, त्याच्या मुलाने मागितली तरी नाही, दोघांचं पटत नाही. बंब राहीबाईंचा. चिंचेने घासून द्यायचा, महिनाभर त्यात मी माझं तोंड पाहिलं आहे. माझी दुलई आणि गरम पाण्याची पिशवी गीताबाईंना. त्यांना झोपेसाठी दोन्हींची गरज नाही, तरी त्यांनाच. बाबांची मोजपट्टी सुशांतला, भिंतीवर होती तिथेच राहू दे. त्या कोपऱ्यात काही बांधायचं नाही. रहिमाकडच्या रुमालातल्या उरलेल्या गोळ्या नाझिया दवाखान्यात नेऊन देईल, रुमाल रहिमाने ठेवावा. वॉकर मला लागेल.

माडीची किल्ली रहिमाला. भोंगा होवो, न होवो, कुणी काही ठेवायला आलं तर ती ठेवून घेईल, मागायला आलं तर काढून देईल. मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमच्याशिवाय लोक ठेवतील का? मी म्हटलं, ज्याने गाठ सोडली नाही त्याच्याकडे सगळे ठेवतात.

आणि तुझा डबा तुला. तेव्हाच्या चिखलातून आलेला, तीन कप्प्यांचा, वरच्या झाकणाला पोचा आहे तो. माझ्या उशाशेजारच्या कपाटात होता. इतके दिवस परत केला नाही, कारण रिकामा डबा परत करायचा नसतो आणि त्यात काय घालावं हे मला कळत नव्हतं. आता त्यात सुकटीची चटणी आहे. मिरच्या मी निवडल्या, खाली बसून.